बी.ए.च्या अर्थशास्त्रात शिकवतात तरी काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा समितीची अपेक्षा अशी होती की 'शिक्षणाचे महत्त्व' यावर चार शब्द बोलावेत. या सभागृहात त्या विषयावर इतकी भाषणे झाली आहेत की भिंतींनासुद्धा ती पाठ झाली असतील. म्हणून समितीची माफी मागून आम्ही एकच लहानसा विषय घेतला आहे. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले तर नेमके शिकवतात काय, एवढाच.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवे. आम्ही चार माणसे आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक ज्युनिअर कॉलेजात शिकवणारे, एक रेल्वेतले आणि एक सरकारच्या सांख्यिकी खात्यात नोकरी केलेले. दरवर्षी जून महिन्यात आम्ही या विहारात पंख्याखाली बसतो आणि वस्तीतल्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देतो. पूर्वी कागदी फॉर्म असायचे, आता मोबाईलवर भरावे लागतात. बोलतो आहे एक जण, पण मजकूर चौघांचा आहे. चुकाही चौघांच्याच समजाव्यात.

फॉर्म भरताना आई-वडिलांचे एक वाक्य ठरलेले असते. "सर, सायन्सला नंबर लागला नाही, म्हणून आर्ट्सला टाकलाय." मग आम्ही विचारतो, विषय कोणते घ्यायचे? तर उत्तर येते, "टाका कुठलाही. पास होईल असा टाका." आम्हीही आजवर पास होईल असेच विषय टाकत आलो. त्यात कधी वाईट वाटले नाही. गेल्या वर्षी मात्र एक प्रसंग घडला.

आपल्याच मागच्या गल्लीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. बारावी आर्ट्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि अर्थशास्त्रात तर वर्गात पहिली. ती म्हणाली, मला दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला जायचंय. वडील प्लंबिंगची कामं करतात. ते म्हणाले, सर, कर्ज काढीन पण पाठवीन. आम्ही चौघे आनंदाने प्रवेशाचे नियम वाचायला बसलो आणि पहिल्याच ओळीला थांबलो. दिल्लीच्या त्या कोर्ससाठी प्रवेश परीक्षेत गणित सक्तीचे आहे. पोरीने गणित दहावीनंतर सोडलेले. अकरावीचा फॉर्म भरताना खिडकीवरच्या बाबूंनी सांगितले होते, "आर्ट्सला गणित कशाला?" आणि खरे सांगायचे तर तो फॉर्म आमच्यातल्याच एकाने भरून दिला होता. त्यानेही मान डोलावली होती.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले की हा अभ्यासक्रम काय असतो ते लोकांपुढे उघडून ठेवायचे.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्यापैकी दोघांनी अर्थशास्त्रात बी.ए. केले ते जुन्या पद्धतीने, मुंबई विद्यापीठात. पहिल्या वर्षाला एक पेपर, दुसऱ्या वर्षाला दोन आणि तिसऱ्या वर्षाला सहा, असे नऊ पेपर होते. पुढे सेमिस्टर आले, नावे बदलली, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाने 'मेजर', 'मायनर', 'ओपन इलेक्टिव्ह' असे शब्द आले आहेत. पण आतला माल फार बदललेला नाही. त्याचे दोन मोठे भाग. एक अंशलक्षी, म्हणजे एक माणूस, एक दुकान, एक बाजार यांचा विचार. दुसरा समग्रलक्षी, म्हणजे सगळ्या देशाचे उत्पन्न, महागाई, बेकारी यांचा विचार. आताच्या पुस्तकांत सूक्ष्म आणि स्थूल म्हणतात.

पहिल्या भागात सुरुवात होते मागणीपासून. पुस्तकात संत्री-सफरचंदे असतात, आपण वडापाव घेऊ. भूक लागली असताना पहिला वडापाव अमृतासारखा लागतो. दुसरा बरा लागतो. तिसरा मित्राने आग्रह केला म्हणून खातो. चौथा फुकट दिला तरी नको. प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान कमी होत जाते, याला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत म्हणतात. हसू नका, परीक्षेत हा प्रश्न येतोच. मग येते लवचीकता. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी आमटीत अर्धे मीठ घालत नाही. पण कोंबडीचा भाव वाढला की रविवारी अंड्यावर भागवले जाते. भाव बदलला की मागणी किती हलते, ते मोजायचे, याचे नाव लवचीकता. सरकार कर कशावर लावते आणि त्याचा बोजा शेवटी दुकानदारावर पडतो की गिऱ्हाइकावर, ते या लवचीकतेवरून ठरते. म्हणजे प्रकरण दिसते आमटीचे, पण पोचते बजेटपर्यंत.

दुसऱ्या भागात राष्ट्रीय उत्पन्न येते. इथे माता-भगिनींनी लक्ष द्यावे. आपल्यातली एखादी ताई चार घरची धुणीभांडी करते आणि पगार घेते. तिचे ते काम हिशोबाच्या नियमाने देशाच्या उत्पन्नात धरायचे असते. तीच ताई संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या घरची धुणीभांडी करते, स्वयंपाक करते, सासूची औषधे बघते. ते काम देशाच्या उत्पन्नात शून्य. काम तेच, हात तेच. या नियमावर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे वाद घातला आहे आणि पुस्तकात तो वाद थोडक्यात दिलेलाही असतो. पोरं तो पाठ करतात आणि आईला कधी सांगत नाहीत.

पुढे सार्वजनिक आयव्यय, म्हणजे सरकारचा जमाखर्च. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. साबणाची वडी घेतली की झोपडीतला आणि बंगल्यातला दोघेही सारखाच कर भरतात. त्याला अप्रत्यक्ष कर म्हणतात. कर भरतो तो फक्त इन्कमटॅक्सवाला, असे समजणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे प्रकरण वाचावे. मग बँका, रिझर्व्ह बँक, परदेशी व्यापार, शेती, कामगार, विकास, अशी एकेक पाने उलटत जातात. सगळे सांगत बसलो तर जेवणाला उशीर होईल.

एक प्रकरण मात्र सांगतोच, ते गरिबीच्या मोजमापाचे. त्यात समित्यांची नावे पाठ करावी लागतात. लकडावाला समितीचा अहवाल १९९३ चा, तेंडुलकर समितीचा २००९ चा, रंगराजन समितीचा २०१४ चा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली सरकारने गरिबीची रेषा काढली. शहरात माणशी महिन्याला १००० रुपये खर्च, खेड्यात ८१६ रुपये. त्याच्यावर एक रुपया जरी खर्च केला तरी माणूस हिशोबाने गरीब राहिला नाही. आम्ही हे एका सभेत सांगितले तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "बाबा, हजारात तर भाडंबी होत न्हाई." आजींचे बरोबर होते. पण ही रेषा कशी काढतात, घरोघरी पाहणी कशी करतात, नमुना कसा निवडतात, हे आम्हाला येत नसेल तर आजींचे म्हणणे दिल्लीपर्यंत कोण नेणार? जाता जाता एक विनंती. नमुना पाहणीचा माणूस वही घेऊन दारात आला तर त्याला हाकलून लावू नका. आमचे सांख्यिकी खात्यातले मित्र सांगतात की वस्तीत त्यांना बिल मागायला आलेला समजून कुत्रे सोडले होते.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. घटनाकार म्हणून बाबासाहेबांना सगळे ओळखतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून फार थोडे ओळखतात. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. या तीन वर्षांत त्यांनी कोणकोणते कोर्स घेतले, ते विद्यापीठाच्या नोंदीत आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. बेरीज करा, ६० होते. साठातले एकोणतीस म्हणजे जवळजवळ निम्मे अर्थशास्त्र. ही यादी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्यातले बँकवाले म्हणाले, "आपण नऊ पेपरांत दमलो होतो."

त्यांचे लेखनही बघा. १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांनी निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते की तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारले, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरावर ठरते का? ज्याच्याकडे बैल, अवजारे, भांडवल आहे त्याला पाच एकरही कमी पडतील, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दोन एकरही जास्त. त्यांचे म्हणणे असे की शेतीवर माणसे फार झाली आहेत, ती रिकामी आहेत, त्यांना उद्योगात काम द्या. आज बी.ए.च्या पुस्तकात 'छुपी बेकारी' नावाचे प्रकरण असते. तिथे पन्नासच्या दशकातल्या परदेशी पंडितांची, नर्क्स, लुईस यांची नावे असतात. चौथ्या-पाचव्या ओळीत १९१८ चा हा निबंध असायला हरकत नव्हती.

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगारातून पैसे साठवून पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., आणि १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. त्या प्रबंधात त्यांनी गोल्ड एक्स्चेंज स्टँडर्डवर टीका केली. ही पद्धत म्हणजे देशात रुपया चालवायचा आणि त्याची किंमत परदेशात सोन्याशी बांधून ठेवायची. या पद्धतीची बाजू घेऊन जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली पुस्तक लिहिले होते. हे तेच केन्स, ज्यांच्या नावावर समग्रलक्षी अर्थशास्त्राची निम्मी प्रकरणे आहेत. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की परदेशातला भाव स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या माणसाच्या हातातल्या रुपयाची खरेदीची ताकद टिकली पाहिजे. चलन छापणाऱ्याच्या हाताला मर्यादा हवी. १९२५ साली त्यांचे प्रांतिक वित्तावरचे पुस्तक आले. त्याला कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. केंद्र आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला, १८७१ पासून कसे टप्पे झाले, ते त्यात आहे. आजच्या सार्वजनिक आयव्ययाच्या पेपरात वित्त आयोग शिकवतात, तो घटनेच्या कलम २८० खाली नेमला जातो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तर विद्यार्थ्याला ते कलम कोरडे लागणार नाही.

इथे थोडे सांभाळून बोलतो, कारण आपल्या सभांमध्ये उत्साहात पुष्कळ बोलले जाते. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली, असे काही वक्ते ठोकून देतात. चलनविषयक शाही आयोगापुढे, ज्याला हिल्टन यंग कमिशन म्हणतात, बाबासाहेबांनी १९२५ साली साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस केली, आणि रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. इतके नक्की आहे. साक्ष दिली हेच एवढे मोठे आहे की त्याला फुगवण्याची गरज नाही. परीक्षेत फुगवून लिहिलेत तर मार्क जातात, हे शिक्षक म्हणून सांगतो.

आता अभ्यासक्रमाच्या वर्मावर येतो. दिल्लीच्या ऑनर्स कोर्समध्ये गेल्या दशकात मुख्य चौदा पेपर होते. पहिल्या सेमिस्टरला अंशलक्षी अर्थशास्त्राची ओळख, आणि सोबत गणित. दुसऱ्याला समग्रलक्षीची ओळख, आणि पुन्हा गणित. तिसऱ्याला संख्याशास्त्र. चौथ्याला इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून सिद्धांत तपासण्याचे शास्त्र. भारतीय अर्थव्यवस्था आणि विकास हे विषय येतात शेवटच्या वर्षात. आमच्यावेळी नेमके उलटे होते. भारतीय अर्थव्यवस्था, पंचवार्षिक योजना, शेतीच्या समस्या हे आधी आणि भरपूर, आकडेमोड शेवटी आणि थोडी, तीही ऐच्छिक. दोन्ही पदव्यांचे नाव एकच, बी.ए. अर्थशास्त्र. नाव एक असले तरी दोन मुले एकाच ठिकाणी पोचत नाहीत.

गणित का लागते, ते सांगतो. मघाच्या वडापावकडे परत जा. चौथ्या वडापावाने समाधानात किती भर पडली, हा जो 'आणखी एकाने किती फरक पडला' असा हिशोब आहे, त्यालाच गणितात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. कॅल्क्युलस म्हणून ज्या शब्दाची भीती वाटते त्याचे मूळ हेच. आर्ट्सचा मुलगा 'सीमांत' हा शब्द तीन वर्षे पाठ करतो, सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, सीमांत उत्पन्न. ज्याला गणित येते त्याला तो एकाच दिवशी समजतो आणि सगळीकडे लागू करता येतो.

आमच्यातल्या एकाची कहाणी अशी. बी.ए.ला फर्स्ट क्लास. घरात पेढे वाटले. एम.ए.ला गेले आणि संख्याशास्त्राच्या पेपरात पहिल्याच फटक्याला नापास. वर्गात सर फळ्यावर एक चिन्ह काढायचे, इंग्रजी एस ओढून लांब केल्यासारखे, आणि हे शेजाऱ्याला विचारायचे, हे काय आहे? शेजारी म्हणायचा, इंटिग्रेशन, अकरावी-बारावीला नव्हतं का? बावीस वर्षांच्या माणसाने मग वस्तीतल्या अकरावी सायन्सच्या मुलाकडे जाऊन त्याचे गणिताचे पुस्तक मागून आणले. रात्री रेशनच्या दुकानाबाहेरच्या दिव्याखाली बसायचे. तो मुलगा शिकवायचा आणि हे ऐकायचे. दुसऱ्या वेळी पास झाले. पण दोन वर्षे गेली आणि त्या दोन वर्षांत एका मोठ्या परीक्षेची वयोमर्यादा उलटली. ते आजही त्या मुलाला सर म्हणतात.

हे दार किती ठिकाणी बंद होते ते ऐका. गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, रिझर्व्ह बँकेने १९८७ साली काढलेली. आपल्या वस्तीपासून लोकलने जाता येईल इतकी जवळ. तिथल्या एम.एस्सी. अर्थशास्त्राला बारावीपर्यंत गणित झालेले लागते. केंद्र सरकारची भारतीय आर्थिक सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते, आपल्या आरक्षणाच्या जागा असतात. पात्रता अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी, आणि पेपरात गणिती व संख्याशास्त्रीय पद्धती असतातच. कलेक्टर व्हायचे स्वप्न प्रत्येक घरात आहे, या सेवेचे नाव मात्र आम्ही दहा घरांत विचारले तर एकालाही माहीत नव्हते.

आपली माणसे तिथपर्यंत पोचली नाहीत असे नाही. डॉ. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेत होते, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची पहिली पदवी संख्याशास्त्राची, रुईया कॉलेजातली, आणि मग एम.ए. अर्थशास्त्र. हा क्रम लक्षात घ्या. डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगावर गेले. डॉ. सुखदेव थोरात बाबासाहेबांनी औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष.

थोरात सरांचे एक काम इथे सांगायलाच हवे. पॉल अॅटवेल नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक प्रयोग केला, तो २००७ साली छापून आला. वर्तमानपत्रात खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती यायच्या. त्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त आडनावाचा. काही अर्जांवर उच्चवर्णीय नाव, काहींवर दलित नाव, काहींवर मुस्लिम नाव. मग मुलाखतीचे बोलावणे कुणाला येते ते मोजले. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण, ज्याला संख्याशास्त्रात ऑड्स म्हणतात, ते १०० धरले तर दलित नावाला ६७ निघाले आणि मुस्लिम नावाला ३३. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण तुम्ही-आम्ही सांगितले तर लोक म्हणतात, तुम्हाला उगाच वाटतं. ते ६७ समोर ठेवले की असे म्हणता येत नाही. तो आकडा काढायला जे गणित लागले ते बी.ए.च्या इकॉनॉमेट्रिक्सच्या पुढचे एकच पाऊल आहे.

आणि हीच आमची या अभ्यासक्रमाबद्दलची तक्रारही आहे. आम्ही शिकलो त्या पुस्तकात कामगाराचे वेतन त्याच्या सीमांत उत्पादकतेवर ठरते असे लिहिले होते. आडनावाचा उल्लेख नव्हता. नाक्यावर सकाळी सात वाजता उभ्या असणाऱ्या माणसाचाही नव्हता. आता काही विद्यापीठांत भारतीय आर्थिक विचार म्हणून घटक असतो आणि नवरोजी, रानडे, गांधीजी यांच्यासोबत बाबासाहेबांवर चार पाने असतात. चांगले आहे. पण ती पाने फक्त वाचून पाठ केली आणि गणित सोडले, तर त्या चार पानांना आणखी पाने जोडणारे आपल्यातून कोण निघणार?

आता कामाचे बोलतो, मुलांनी लिहून घ्यावे. आपल्या राज्याच्या बोर्डात आर्ट्सच्या मुलाला गणित घेता येते. बोर्डाच्या विषयाचे नावच 'गणित व संख्याशास्त्र, कला व विज्ञान' असे आहे. कॉमर्सचे वेगळे आहे. सगळ्या ज्युनिअर कॉलेजांत आर्ट्सला तो विषय ठेवलेला नसतो, म्हणून प्रवेशाआधी विचारा, आणि "कशाला" असे उत्तर आले तर दुसरे कॉलेज बघा. नसेल तर कॉमर्सला गणित घेऊन पुढे अर्थशास्त्राकडे वळता येते. ज्यांची बारावी झाली आहे त्यांना एनआयओएस या मुक्त विद्यालयातून बारावीचे गणित एकटा विषय म्हणून देता येते. जे आता पदवीला आहेत त्यांनी ओपन इलेक्टिव्हचा रकाना नीट बघावा. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, त्यात हा विषय दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो. पुष्कळ मुले तिथे सोपे काहीतरी टाकतात. कॉलेजात संख्याशास्त्राचे किंवा गणिताचे काही असेल तर ते टाका. चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी मिळते, पण ते करायचे की तीन वर्षांवर थांबायचे हे घरची परिस्थिती बघून ठरवा, त्यात लाज नाही.

पालकांना एक प्रश्न नेहमी पडतो, तो टाळत नाही. नुसत्या बी.ए. अर्थशास्त्रावर नोकरी लागते का? सरळ उत्तर आहे, सहसा नाही. बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षा देता येतात, त्या कुठल्याही पदवीवर देता येतात. या विषयाची खरी किंमत एम.ए.नंतर सुरू होते. म्हणजे पाच वर्षे धीर धरायचा. घरात तेवढा धीर आहे का, हे आधी नवरा-बायकोने बसून बोला, आणि मुलीच्या बाबतीत विशेष बोला, कारण तिसऱ्या वर्षानंतर तिच्यासाठी स्थळे यायला लागतात.

ज्या मुलीबद्दल सुरुवातीला बोललो, तिने इथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र मेजर घेतले आहे. मुक्त विद्यालयातून गणिताचा फॉर्मही भरला आहे, या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला, आम्ही फक्त चष्मा लावून तपासला. गेल्या दिवाळीनंतर आम्ही विहारात रविवारी सकाळी आठ ते दहा गणिताचा वर्ग सुरू केला. अकरावीचे पुस्तक पहिल्या पानापासून घेतो. पहिल्या रविवारी तीन मुले होती, आता अकरा येतात. ती येते तेव्हा सोबत दहावीतल्या धाकट्या भावाला घेऊन येते, आणि आम्ही चुकलो की आधी तोच हात वर करतो. समितीने फळा दिला आहे, खडूचा खर्च आमचा. पंखा एकच चालतो, दुसऱ्याचे बघावे ही अध्यक्षांना विनंती.

जय भीम.